मागाच्या खड्ड्यातले ससे

सोलापूरला लोक चादरी घ्यायला जातात, सिद्धेश्वराच्या दर्शनाला जातात, नाहीतर अक्कलकोट-तुळजापूरला निघालेले वाटेत उतरतात. मी सशांची वजनं करायला गेलो होतो. हे सांगितलं की ऐकणारा अजूनही आधी हसतो आणि मग विचारतो, "खरंच?" अगदी खरं. त्या प्रवासाची टिपणवही माझ्याकडे आहे. तिच्या दोन पानांवर हळदीचे डाग आहेत आणि ते कसे पडले हे मला कालच्यासारखं आठवतं.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची. मोठा दुष्काळ सरून तीनेक वर्षं झाली होती. त्या दिवसांत दावणी रिकाम्या झालेल्या भागात थोडं पाणी आणि थोडा पाला यांवर काय जगेल, याचा शोध पुण्याच्या आमच्या कार्यालयात मोठ्या हौसेनं चालला होता. कुणाच्या तरी डोक्यात ससा आला. खातो कमी, वाढतो भराभर, मांस हलकं. मग काही घरांना दूध तुटलेली पिल्लं वाटली गेली आणि अट घातली गेली: पाच महिन्यांत पिंजऱ्यातल्या सशांचं वजन सरासरी दोन किलो भरलं, तर ते घर योग्य. त्या घराला मोठी तुकडी मिळणार आणि कायमचा धंदा उभा करून दिला जाणार. नाही भरलं, तर पिल्लं परत.

भरलं की नाही हे ठरवणारा पर्यवेक्षक म्हणजे मी. वय सव्वीस, मूळ देवगडकडचा, भातमाशांवर वाढलेला, आणि हातात छापील तक्ता असला की स्वतःला मोठा अधिकारी समजणारा. पिशवीत एक ताणकाटा, एक थर्मामीटर आणि तो तक्ता. तक्त्याच्या एकाच बाजूला छपाई होती: पिंजऱ्याचा प्रकार, चारा, वजन, मांसाचा दर्जा, आणि सगळ्यात खाली 'योग्य / अयोग्य'. यांतलं एक खोडायचं होतं.

अक्कलकोट रस्ता

चैत्र संपत आला होता. सकाळी नऊला स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं तेव्हाच डोळे मिटायला लागले. आमच्याकडे ऊन घामाच्या धारा काढतं. सोलापूरचं ऊन घाम दिसायच्या आत वाळवून टाकतं. टांगेवाल्यानं मला अक्कलकोट रस्त्याला सोडलं. तिथं नव्या कारखान्यांच्या शेड उठत होत्या. त्यांच्या अलीकडे विणकरांची वस्ती होती आणि वस्तीच्या कितीतरी आधी तिचा आवाज सुरू झाला. खटक-खट, खटक-खट. घराघरांत यंत्रमाग. त्या आवाजात माणसं एकमेकांशी अगदी आरामात बोलत होती. मीच तेवढा ओरडत होतो.

ज्या घरी जायचं होतं ते राजय्याचं. चाळिशीचा, उंच, जरा पुढे वाकलेला माणूस. घरात तेलुगू बोलायचं, बाहेर मराठी, आणि माझ्यासारख्याशी दोन्हींच्या मधलं काहीतरी. पत्र्याच्या लांबट शेडमध्ये त्याचे दोन माग चालत. त्यांवर चादरी निघत. मला बघताच त्यानं दोन्ही माग थांबवले. त्यासरशी कोपऱ्यातल्या झोळीत झोपलेलं शेजारणीचं तान्हं दचकून उठलं आणि रडायला लागलं.

"आवाज थांबला की उठतंय ते," राजय्या म्हणाला आणि एक माग पुन्हा चालू केला. मूल गप्प झालं. आमच्याकडे पाळण्याजवळ कोणी मोठ्यानं बोललं तर आजी डोळे वटारायची. इथं उलटं होतं.

मग तो खोकला. एकदा सुरू झालेला खोकला थांबायलाच तयार नव्हता. त्याची बायको लक्ष्मीबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्याच्या पाठीवर हात फिरवत उभी राहिली. ठेंगणी, चपळ बाई. बोलायची कमी, पण सगळीकडे तिचं लक्ष असायचं.

"डॉक्टर म्हणतोय, छातीत सूत साचलंय," खोकला निवल्यावर राजय्या म्हणाला. "माग सोड म्हणतोय. सोडून खाऊ काय? ते तुमचं सशाचं पत्र आलं आन् म्हटलं, देवानंच धाडलं. एवढं पास करा सायेब. दुसरं काय मागत न्हाय."

मी साहेबी थाटात म्हणालो, "ते वजनावर आहे." आज हे वाक्य आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

पिंजरे शेडच्या आतच होते, मागांच्या रांगेला लागून, तीन मजली. राजय्यानं ते स्वतः बांधले होते आणि त्यांचा त्याला केवढा अभिमान! चौकटी मोडक्या मागाच्या सागवानाच्या. एक खिळा बाहेर दिसत नव्हता. आणि खालची जमीन? मी वाकून बघितलं तर ती मागाची फणी होती. विणताना उभे धागे ज्या बारीक पोलादी पात्यांतून ओवलेले असतात ती फणी. अशा जुन्या फण्या एकाला एक जोडून त्यानं सशांची फरशी केली होती.

"सूत हितनं जातंय, मग लेंडी पण हितनं जाईल की!" तो म्हणाला. "बघा, खाली कसं स्वच्छ हाय."

स्वच्छ होतंच. आमच्या पुण्याच्या पिंजऱ्यांपेक्षा स्वच्छ होतं. पण नऊच्या नऊ ससे पिंजऱ्याच्या कडेच्या लाकडी पट्टीवर दाटीवाटीनं बसले होते. एकाला उचलून तळवा बघितला. केस झडले होते, कातडी लाल होऊन चिरली होती. धारदार पात्यांवर पाय टेकवण्यापेक्षा उपाशी बसलेलं बरं, असं त्यांचं ठरलेलं दिसलं. घमेल्यातला पाला तसाच होता.

"आणि हा आवाज?" मी विचारलं.

"आवाजानं काय होतंय? आमची पोरं ह्याच आवाजात वाढली. ससा काय पोरांपेक्षा नाजूक हाय?"

विणकराशिवाय कुणाला ही फरशी सुचली नसती, आणि हा हिशेबही दुसऱ्या कुणी मांडला नसता. दुपारी एकला मी सगळ्यात वरच्या पिंजऱ्यात थर्मामीटर ठेवला. वर हातभर अंतरावर तापलेला पत्रा. पारा एक्केचाळीसला टेकला. ससे कान पाठीवर टाकून, तोंड उघडून धापा टाकत होते. आवाजाला ते सरावले होते, राजय्याचं तेवढं खरं होतं. उन्हाला मात्र कोणी सरावत नाही.

माझ्या तक्त्यानुसार ससे बारा दिले होते. घराच्या नोंदकार्डावर 'तीन मेली' असं लिहिलेलं होतं. मी विचारल्यावर राजय्या म्हणाला, "कमजोर व्हती." आणि मागाकडे वळला.

मंद्रूप

दुसऱ्या दिवशी चारा बघायचा होता. तक्त्यात तसा रकाना होता, त्यामुळे बघणं भाग होतं. राजय्या लसूणघास मंद्रूपच्या एका शेतकऱ्याकडून आणायचा. आम्ही एसटीनं निघालो. वाटेत माती काळी, रान मोकळं, आणि आमच्या गावातून दिसतो तसा एकही डोंगर नाही. नजर जायची तिथवर जायची आणि दमून परत यायची. पण हळूहळू मला ते आवडायला लागलं. एवढं मोठं आभाळ मी तोवर फक्त समुद्रावर बघितलं होतं.

मल्लप्पा विहिरीवर भेटले. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, मजबूत बांधा, घरात मांसमच्छी वर्ज्य. गड्याशी कानडीत बोलायचे आणि आमच्याशी मराठीत, मधे श्वासही न घेता. त्यांनी आधी जेवायला बसवलं. कडक भाकरी, दही, शेंगाची चटणी आणि हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. आमच्याकडच्या सुक्या खोबऱ्याच्या चटणीसारखीच ही असणार, अशा समजुतीनं मी शेंगाच्या चटणीचा भलामोठा घास घेतला आणि पाण्याचा तांब्या एका दमात रिकामा केला. मल्लप्पांनी माझ्या ताटात आणखी दही वाढलं. भाकरी मात्र पापडासारखी कुडकुडीत, आणि शेंगदाण्याची ती खमंग चव तोंडात राहते ती राहतेच. पुढे कितीदा घरी करून बघितली, पण ती चव काही आली नाही.

"ससे हैत म्हणं तुमच्याकडं," मल्लप्पा राजय्याला म्हणाले. "लई गोड जनावर. काय करणार त्यांचं?"

राजय्यानं माझ्या पायाला पाय लावला. "वाढवणार की," तो म्हणाला.

"वाढवा, वाढवा. जीव हाय," मल्लप्पा म्हणाले आणि घासाच्या दोन पेंढ्या जास्तीच्या बांधून दिल्या. परतीच्या एसटीत राजय्यानं पेंढ्या मांडीवर घेतल्या. मग म्हणाला, "खोटं न्हाय बोललो. अर्धंच सांगितलं." मी हसलो. कार्डावरच्या 'तीन मेली'चं काय, हे मात्र तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

खड्डा

सोलापुरात उतरलो तेव्हा दुपारचे दोन झाले होते. टोपी घालायची नाही, हा माझा तरुणपणीचा बाणा. स्टँडपासून वस्तीपर्यंत आलो आणि राजय्याच्या दारात माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पुढचं नीटसं आठवत नाही. कोणीतरी दोन्ही दंडांना धरलं आणि लक्ष्मीबाईचा आवाज आला, "हिकडं नका, पत्र्याखाली नका. मागच्या खोलीत न्या."

"तितं नको," राजय्या म्हणाला.

"मग मरू दे का सायेबाला?"

मागची खोली जुनी, मातीच्या भिंतींची, धाब्याची. तिच्या मधोमध जमिनीत एक चौकोनी खड्डा होता, कमरेइतका खोल. काठावर एक म्हातारा खड्ड्यात पाय सोडून बसला होता. हे राजय्याचे वडील. घरात त्यांना नायना म्हणत. तोंडाचं बोळकं, पण पाठ ताठ. मला त्यांच्या शेजारी बसवलं गेलं, बूट काढले गेले, पाय खड्ड्यात सोडले गेले आणि डोक्यावर ओला पंचा आला. तळव्यांना खालून गारवा लागला. असा गारवा मला आमच्या घरच्या विहिरीच्या पायऱ्यांवरच भेटला होता. डोळे मिटून मी तसाच बसून राहिलो.

हा खड्डा म्हणजे नायनांचा हातमाग. माग कधीच मोडला होता, खड्डा तेवढा राहिला होता. पूर्वीचा विणकर जमिनीवर बसून, पाय खड्ड्यात सोडून पावड्या, म्हणजे पायाच्या पट्ट्या, मारायचा. "खाली गार वल असती," नायना अडखळत मराठीत म्हणाले, "सूत तुटत न्हाय." यंत्रमाग आले तेव्हा राजय्या खड्डा बुजवायला निघाला होता. म्हातारा त्यात पाय सोडून बसला आणि उठलाच नाही.

एवढ्यात माझ्या अंगठ्याला काहीतरी ओलसर, मऊ लागलं. मी दचकून पाय वर घेतले. खाली तीन ससे होते. पांढरे, टपोरे, केस चमकणारे. एक नायनांच्या पावलावर हनुवटी टेकून बसला होता. बाकीचे दोन खड्ड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शर्यत लावल्यासारखे धावत होते.

मी राजय्याकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता.

"हेच का ते मेलेले तीन?"

उत्तर लक्ष्मीबाईनं दिलं. "कागदात लिवलं व्हतं, कमजोर पिल्लू काढून टाका. ह्यांनी कार्डावर मेली म्हणून लिवलं आन् मला म्हणले, टाक कुटंतरी. मी हितं टाकली. कुटं टाकायचं ते कागदात कुटं व्हतं?"

आम्हाला शिकवलं होतं की जमिनीवर पाळलेला ससा हगवणीनं जातो. मी पुस्तकी शंका काढली. तिनं मला खड्ड्याचा तळ दाखवला. खाली वाळू. रोज सकाळी झाडून चुलीची राख आणि चिमूटभर चुना. पाला खाली टाकायचा नाही, काठाला जुडी टांगायची म्हणजे घाण होत नाही आणि उड्या मारून खावा लागतो. थर्मामीटर सोडला तर पारा तिशीच्या जरा वर थांबला. शेडपासून वीस पावलांवर एवढा फरक.

"बायकोचा नाद हाय तो," राजय्या पुटपुटला. त्याला आपले सागवानी पिंजरे पास व्हायला हवे होते. हा खड्डा म्हणजे त्याला घरातली जुनाट अडगळ वाटत होती.

काटा आणि चूल

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत वजनं केली. धोतराच्या झोळीत ससा घालून ताणकाट्याला लटकवायचा, काटा स्थिर झाला की वाचायचं. दीड किलो. दीडच्या खाली. सोळाशे ग्रॅम. पुन्हा दीड. प्रत्येक आकड्याला राजय्याची मान इंचभर खाली जात होती. सगळ्यात जड ससा पावणेदोनला टेकला. दोनला एकही पोचला नाही.

रिकाम्या पिंजऱ्याच्या फणीवरून राजय्यानं बोट फिरवलं, मग सबंध तळवा दाबून धरला. हात उचलला तेव्हा तळव्यावर बारीक रेघा उठल्या होत्या. तो त्या रेघांकडे बघत राहिला.

"त्या तिघांना पण मोजा की," लक्ष्मीबाई म्हणाली.

"ते तक्त्यात नाहीत, वहिनी."

"काट्यात तर बसतील?"

बसले. दोन किलो, दोन किलो दोनशे आणि सव्वादोन. ज्यांना आम्ही कागदावरून कमजोर म्हणून काढून टाकलं होतं ते.

आता मांसाचा दर्जा. एक ससा पिंजऱ्यातला, एक खड्ड्यातला. मला वाटलं होतं, खड्ड्यातला द्यायला ही बाई रडेल. ती खाली उतरली, तिघांना उलटंपालटं करून शांतपणे बघितलं आणि एक उचलून दिला. "खायसाठीच वाढवलं की," ती म्हणाली. राजय्या मात्र गल्लीतला खाटीक आला तसा चप्पल घालून बाहेर निघून गेला आणि सगळं आटोपल्यावर परतला.

परातीत दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्यावर फरक डोळ्यांना दिसत होता. पिंजऱ्यातल्याचं मांस फिकट, पाणी सुटलेलं, मांड्या बारीक. खड्ड्यातल्याचं लालसर आणि घट्ट, हाडं जाड, मांड्या भरलेल्या. धावलेल्या आणि बसून राहिलेल्या अंगातला हा फरक. मी वहीत भराभर लिहीत होतो.

मग माझ्यात आणि लक्ष्मीबाईत भांडण झालं. नियमानुसार मांस नुसत्या मीठ-हळदीत शिजवून चाखायचं होतं. "मीठ-हळदीत?" ती म्हणाली. "घरात कोण आजारी हाय?" शेवटी तह झाला. अर्धं माझ्या नियमानं, अर्धं तिच्या नियमानं, म्हणजे अंबाडीचा पाला आणि लाल मिरची घालून. हळद मापून घालायचा मान माझा होता, आणि वहीवरचे डाग ते तेव्हाचे.

चाखायला आम्ही चौघं. मला खड्ड्यातलं चावायला थोडं जड गेलं, पण चव त्यालाच होती. राजय्यानं दोन्ही खाल्लं आणि उसासा टाकून खड्ड्यातल्याकडे बोट दाखवलं. नायनांनी मात्र पिंजऱ्यातला तुकडा हिरड्यांनी चघळला, मान हलवली आणि म्हणाले, "बागुंदि!" छान आहे. खड्ड्यातला तुकडा त्यांनी चघळून चघळून ताटाच्या कडेला ठेवून दिला.

"दात न्हाईत त्यांना," लक्ष्मीबाई म्हणाली. "खड्ड्यातल्याला जरा जास्त शिजवायचं, एवढंच."

उत्तम, मध्यम, कनिष्ठ. कुणाच्या दातांनी लिहायचं? अंबाडीतलं मात्र चौघांनी सारखंच खाल्लं आणि भांडं पुसून ठेवलं. तसा आंबट-तिखट रस्सा मी पुन्हा कधी खाल्ला नाही. आमच्याकडे आंबट म्हणजे कोकम, आणि कोकम मला जिवापाड आवडतं. पण त्या दुपारी मी आमच्या कोकमाला विसरलो होतो, हे कबूल करायला हवं.

उलटी बाजू

जेवणानंतर तक्ता भरायला बसलो. छापील बाजूला पिंजऱ्याच्या सशांचेच आकडे भरता येत होते. ते भरले की खाली एकच उत्तर निघत होतं. मी 'योग्य' हा शब्द खोडला. राजय्याला मराठी जेमतेमच वाचता यायचं, पण रेघ कुठे पडली ते त्यानं ओळखलं.

"मागच्या बाजूला लिहितो," मी घाईनं म्हणालो. "खड्ड्याचं सगळं. पण मग ते तिघं मेले नव्हते हेही लिहावं लागेल. कार्ड खोटं ठरेल."

"ठरू द्या," तो म्हणाला. "खरं ते लिवा."

मी लिहिलं. पत्र्याचं ऊन, फणीची पाती, चिरलेले तळवे, खड्ड्याचा गारवा, वाळू, राख, टांगलेली जुडी, वजनं, मांसाचा रंग, नायनांचे नसलेले दातसुद्धा. शेवटी लिहिलं की या प्रदेशात ससा जमिनीच्या पोटात ठेवावा, पत्र्याखाली ठेवू नये, आणि या घराला आणखी एक संधी द्यावी. तसं लिहायचा मला अधिकार नव्हता. वाचून दाखवलं तेव्हा राजय्यानं ते उभं राहून ऐकलं.

"पण मागची बाजू..." मी चाचरलो. "तिथं कोणी बघेलच असं नाही."

तो हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा. मागाजवळच्या गठ्ठ्यातून त्यानं एक चादर ओढली आणि माझ्यासमोर उलटी पसरली. "समोरनं सगळ्याच चादरी चांगल्या दिसत्यात, सायेब. पण जाणता माणूस आधी उलटी करून बघतोय. गाठी, सुटलेलं सूत, सगळं हितं दिसतंय. कुठलंबी गिऱ्हाईक असंच बघतंय. तुमचे सायेब तर शिकलेले हैत."

ती चादर त्यानं मला बळेच दिली. आजही ती माझ्या पांघरुणात आहे, आणि खरंच, तिची उलटी बाजू सुलट बाजूइतकीच देखणी आहे.

पुणे

साहेबांनी तक्ता समोरून वाचला, सही केली आणि बाजूला ठेवला.

"साहेब, मागे थोडं लिहिलंय."

"मागची बाजू कोरी असते," ते म्हणाले आणि पुढचा कागद ओढला.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. कागद उलटून त्यांच्या पुढ्यात धरायला हवा होता. फार तर रागावले असते. मी गप्प बसलो आणि जागेवर जाऊन चहा प्यालो. महिन्याभरानं कोणीतरी टोपल्या घेऊन सोलापूरला गेलं आणि आठ ससे परत घेऊन आलं. मी राजय्याला पत्र लिहिलं नाही. काय लिहायचं हेच कळत नव्हतं. लाजही वाटत होती.

पुन्हा सोलापूर

दोन वर्षांनी शेळ्यांच्या कामावर सोलापूरला जाणं झालं. काम संपलं तरी त्या वस्तीकडे पाय वळेनात. शेवटी धीर करून गेलो. लांबून खटक-खट ऐकू आलं आणि माझी चाल मंदावली.

राजय्याच्या शेडमध्ये एकच माग चालत होता आणि तो लक्ष्मीबाईचा भाऊ चालवत होता. पिंजरे नव्हते. मागच्या खोलीत गेलो. एका खड्ड्याचे तीन खड्डे झाले होते आणि त्यांत पंचवीस-तीस ससे सुखानं वावरत होते. नायना गेले होते. त्यांच्या जागी, काठ झिजून गुळगुळीत झाला होता तिथंच, राजय्या पाय सोडून बसला होता. वाळला होता, दम लागत होता. पण खोकला पूर्वीसारखा लांबत नव्हता.

"या सायेब!" तो म्हणाला. माझ्याबद्दल त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसता आनंद होता, आणि त्यामुळे मला जास्तच मेल्यासारखं झालं.

हे ससे आले कुठून, हे मला हळूहळू उमगलं. टोपलीवाल्यानं कार्डाप्रमाणे मोजून आठ नेले. खड्ड्यातले दोन कार्डावर मेलेलेच होते, त्यांना कोण नेणार? त्या दिवशी लक्ष्मीबाईनं तिघांना उलटंपालटं करून शांतपणे बघितलं होतं ते काय, हेही आत्ता कळलं. दोन नर होते आणि एक मादी. तिनं जास्तीचा नर मला दिला होता.

थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग राजय्या खालच्या आवाजात म्हणाला, "एक इचारू का सायेब? पाठीमागचं वाचलं का त्यांनी?"

येताना वाटेत मी एक बरंसं खोटं तयार करून ठेवलं होतं. ते तोंडातून निघेना.

"नाही," मी म्हणालो. "कोणी उलटून बघितलंच नाही. मी दाखवायला हवं होतं. मी गप्प बसलो. माझं चुकलं, राजय्या."

त्याचा चेहरा एकदम उजळला. तो हसायला लागला, हसता हसता खोकला आला, खोकता खोकता त्यानं शेडकडे तोंड करून हाक मारली, "आगं ये! खड्डा नापास झाला न्हाय! त्यांनी वाचलंच न्हाय!"

दोन वर्षं हा माणूस समजत होता की पुण्याच्या शिकलेल्या माणसांनी सगळं नीट उलटून वाचलं आणि मग त्याच्या घराला नाही म्हटलं. तेवढं ओझं घेऊन तो रोज या काठावर बसत होता.

लक्ष्मीबाई दारात आली. तिच्या हातात पाल्याची जुडी होती.

"बरं झालं वाचलं न्हाय," ती म्हणाली. "वाचलं असतं तर खड्ड्यातले ते दोन पण नेले असते की." आणि जुडी काठाला टांगता टांगता माझ्या बुटांकडे बघून म्हणाली, "बसा सायेब. पाय सोडा खाली."

मी बूट काढले आणि राजय्याच्या शेजारी पाय सोडून बसलो.